वांद्र्याची आँटी 'मुंबईला' का जाते?

पाणकोंबडा

नमस्कार मंडळी,

मी मूळचा कोल्हापूरचा. गेली दोन वर्षं वांद्रे पश्चिमेला, चिंबईजवळ एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. (भाडं विचारू नका, रडू येतं.) खाली घरमालकीण आँटी राहतात. वय ऐंशीच्या बरंच पुढे, ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या ख्रिस्ती). घरात मराठी बोलतात, पण अशी की आमच्या आईने एकदा फोनवर ऐकून विचारलं, "ह्या कुठल्या कोकणातल्या रे?"

परवा सकाळी आँटी फुलाफुलांचा झगा, हातात छत्री आणि पर्स अशा तयार होऊन जिन्याखालून ओरडल्या, "मी मुंबईला जाते, दाराकडे बघ!" मी चपापलो. म्हटलं, म्हातारीला विसरायला व्हायला लागलं की काय? खाली धावलो. तर त्या चालल्या होत्या दादरला, चष्म्याची काडी बदलायला. दादर! फास्ट लोकलने पुढचं स्टेशन!

तर जाणकारांना दोन प्रश्न:
वांद्रे मुंबईत नाही का? नसेल तर मुंबई नक्की सुरू कुठे होते?
आणि वांद्रे की बांद्रा?

---

बोंबील_सुका

वांद्रे. धागा संपला.

---

मिरचीभजी

दुसरा प्रश्न विचारायला नको होता हो. आता पहिल्याचं उत्तर पाचव्या पानावर मिळेल. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

---

प्रुफरीडर

वांद्रे स्टेशनची पाटी नीट बघा. मराठीत 'वांद्रे', हिंदीत 'बांद्रा'. आपली मंडळी हिंदी ओळ वाचतात आणि तिलाच मराठी समजतात. आणि कृपया 'वांद्रेला', 'वांद्रेमध्ये' असलं लिहू नका. ठाण्याला, पुण्याला, तसं वांद्र्याला. शीर्षकात 'वांद्र्याची' लिहिल्याबद्दल धागाकर्त्याचे दहापैकी दोन गुण वाढवले आहेत.

---

उंदीरमामा

वांद्रे हे वानरावरून आलं. पूर्वी तिथे माकडं फार होती. आता भाडी आहेत.

---

खारदांडेकर

उंदीरमामा, माकडं राहू द्या. 'बंदर' वरून आलं असं बहुतेक जण मानतात. पोर्तुगीजांच्या लिहिण्यात 'बांदोरा' होतं. घोडबंदरमध्ये आहे तेच बंदर. गंमत म्हणजे आजचा एस. व्ही. रोड हाच जुना घोडबंदर रोड. एका बंदरापासून दुसऱ्या बंदरापर्यंत.

आता मूळ प्रश्न. पाणकोंबडाराव, आँटी बरोबर आहेत आणि तुम्ही चूक. माझी आजी खारदांड्याहून मासळी घेऊन क्रॉफर्ड मार्केटला जायची तेव्हा तीही 'मुंबईला' जायची.

मुंबईची सात बेटं आपण शाळेत पाठ केली. त्यात वांद्रे नाही, मोजून बघा. वांद्रे हे साष्टी बेटाचं दक्षिण टोक. मुंबईचं टोक माहीम. मध्ये माहीमची खाडी, जिथे मिठी नदी समुद्राला मिळते. १५३४ च्या वसईच्या तहाने हा सगळा मुलूख गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेला. मग १६६१ साली पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात मुंबई आंदण म्हणून इंग्लंडच्या राजाला द्यायचं ठरलं आणि १६६५ ला प्रत्यक्ष ताबा दिला. पण मुंबई दिली, साष्टी दिली नाही! म्हणजे माहीमच्या काठाला इंग्रजांचा किल्ला, समोर वांद्र्याच्या टोकाला पोर्तुगीजांचा, आणि मधली खाडी ही चक्क दोन देशांची सरहद्द. पोर्तुगीज वांद्र्याला बसून येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांकडून जकात घ्यायचे आणि इंग्रज चरफडायचे.

पुढे १७३७ ते १७३९ च्या चिमाजी अप्पांच्या मोहिमेत साष्टी आणि वसई मराठ्यांनी घेतली. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती पडला तर तोफा माहीमकडे वळतील, ह्या धास्तीने इंग्रजांनी तो आधीच पाडून टाकायला लावला. आज बँडस्टँडच्या टोकाला जे उरलंय ते त्यातलं. १७३९ ते १७७४ ही पस्तीस वर्षं खाडीच्या अलीकडे मराठे, पलीकडे ईस्ट इंडिया कंपनी. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे पक्की झाली.

तेव्हा तरी वांद्रे मुंबईत आलं का? नाही. ठाणे जिल्ह्यात गेलं. १९२० मध्ये उपनगर जिल्हा वेगळा काढला. मुंबई महापालिकेच्या हद्दीत आलं १९५० साली. आँटी ऐंशीच्या बऱ्याच पुढे ना? मग त्यांचा जन्म मुंबईबाहेरचाच. त्यांना वांद्र्यातच ठेवून मुंबई त्यांच्या घरापर्यंत आली.

---

मिरचीभजी

पहिल्या पानावरच उत्तर! खारदांडेकरकाका, तुम्ही धाग्याची मजा घालवलीत. वाचनखूण साठवली मात्र.

---

बोंबील_सुका

म्हणजे पस्तीस वर्षं वांद्रे पेशव्यांचं होतं? आता पाली हिलवाल्यांना चौथाई लावा.

---

उंदीरमामा

काकांचा आदर ठेवून असहमत. आम्ही बोरिवलीला राहूनही 'मुंबईला जातो' म्हणायचो. कुर्ल्याचे म्हणायचे, मुलुंडचे म्हणायचे. त्यात पोर्तुगीज, इंग्रज काही नाही. साहेबाचं ऑफिस फोर्टात, म्हणून फोर्ट म्हणजे मुंबई. एवढा साधा हिशेब.

---

खारदांडेकर

बोरिवली कुठल्या बेटावर आहे मामा? साष्टीच! मुलुंडही साष्टी. तुमच्याकडे पालिकेची हद्द १९५७ ला पोहोचली. तुम्ही माझ्याच बाजूने साक्ष देताय.

पण तुमचं अर्धं खरं आहे. नोकरी तिकडे नसती तर इतकी माणसं रोज 'मुंबईला' गेलीच नसती. शब्द जुना, पण तो टिकला लोकलच्या पासावर.

---

रणवारकर

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, ह्या धाग्यासाठी. आम्ही रणवारचे. नावात वार असलं तरी लढाई वगैरे काही नाही, पाखाडी आहे ती. आमच्यात छोट्या गावाला पाखाडी म्हणतात. वांद्रे हे एक गाव कधीच नव्हतं. रणवार, चुईम, शेर्ली, राजन, पाली, वरोडा, चिंबई अशा पाखाड्यांचा तो घोस. प्रत्येकीची विहीर वेगळी, क्रूस वेगळा, आणि लग्नातलं भांडणही वेगळं.

बाहेरचे आम्हाला गोव्याचे समजतात. आम्ही इथलेच. पोर्तुगीज काळात बाटलेले शेतकरी, कोळी, भंडारी, सुतार. 'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ साली घेतलं, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी. रेल्वे आणि सरकारी नोकरीत गोवा, मंगळूरचे ख्रिस्ती यायला लागले होते. आम्ही त्यांच्याहून वेगळे आणि कंपनीचे जुने, हे साहेबाला कळावं म्हणून. नाव इंग्रजी, घरात मराठी. लग्नात अजून उंबराचं पाणी आणतात. बँडबाजा लावून विहिरीवर जायचं, पाणी भरायचं आणि नवरीला किंवा नवऱ्याला न्हाऊ घालायचं. आमच्या विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. गेल्या लग्नात जाळीच्या फटीतून तांब्याला दोरी बांधून पाणी काढलं. अर्धा तास बँडवाला तेच गाणं वाजवत होता.

धागाकर्त्याला एक काम. चिंबईपासून रणवारपर्यंत गल्लीतून चालत या आणि कोपऱ्यावरचे क्रूस बघा. खालच्या दगडावरची सालं वाचा. पुष्कळशी १८९६ नंतरच्या चार-दहा वर्षांतली सापडतील. तो प्लेग. पाखाडीत माणसं मरायला लागली तेव्हा लोकांनी नवस बोलून वेशीवर क्रूस उभे केले. रोगाने इथून पुढे येऊ नये म्हणून. आज तिथे स्कूटर लावतात, पण संध्याकाळी कुणीतरी झेंडूची माळ घालून मेणबत्ती लावून जातं. माळ घालणारी बाई नेहमी ख्रिस्ती असेल असंही नाही.

---

टेक्सासची_शांता

रणवारकर, हे वाचून रडले. आम्ही हिल रोडला राहायचो. बाबांचा गुडघा दुखायचा तेव्हा आईने (देशस्थ, सोवळ्यातली!) मोत माउलीला (माउंट मेरीला) मेणाचा पाय वाहिला होता. जत्रेत ती मेणाची दुकानं! हात, पाय, डोळे, बाळ, घर. गेल्या खेपेला आले तर मेणाचं विमानही होतं. परदेशी जायचं असलं की ते वाहायचं म्हणे. मी न वाहताच इथे येऊन पडले. अजून ग्रीन कार्ड नाही, कारण आत्ता कळलं.

---

बोंबील_सुका

शांताताई, सप्टेंबरात ८ तारखेनंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते. विमान मी वाहतो, तुम्ही तिकडून पाकीट पाठवा.

---

प्रुफरीडर

मोत माउली की मोट माउली की मौत माउली?

---

रणवारकर

मोत म्हणजे मोती, असं आमची आजी सांगायची. 'माउंट'चंच मोत झालं असंही म्हणतात. मौत म्हणणाऱ्याला आजी चपलेने मारायची.

---

नलूताई

सगळे पश्चिमेचंच बोलतायत. वांद्रे पूर्व नावाचं काही आहे की नाही? मी शासकीय वसाहतीत वाढले. शेजारी कलानगर, साहित्य सहवास. लेखक-कवी पिशवी घेऊन भाजी आणायला जाताना दिसायचे. आणि साहित्य सहवासातल्याच एका प्राध्यापक कवीचा कुरळ्या केसांचा मुलगा खाली क्रिकेट खेळायचा. पुढे काय झालं ते जगाला ठाऊक आहे. मला ठाऊक असतं तर चेंडू आणून देताना सही घेतली असती.

भूगोल विचारलाय ना, मग सांगते. वांद्रे पश्चिमेकडून पूर्वेकडे आडवं चालून बघावं. आधी समुद्रातला काळा खडक, बँडस्टँडचा. मग चढ, माउंट मेरी आणि पाली हिल. ही टेकडी समुद्राला पाठीशी घालून उभी आहे. मग उतार. उताराच्या पायथ्याशी विहिरींना गोडं पाणी, म्हणून पाखाड्या तिथे. त्याच्या पुढे सपाटी, तिथे भातखाचरं. मग रेल्वे. रेल्वेच्या पलीकडे खाजण: भरतीला पाणी आत, ओहोटीला चिखल, तिवरांची झाडं, मिठागरं. आणि मिठी. आमची वसाहत, कलानगर, पुढचं बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) हे सगळं त्या खाजणाच्या कडेला किंवा थेट खाजणावर. पावसाळ्यात तळमजल्यावर चिंबोऱ्या यायच्या. आई झाडूने ढकलायची आणि शेजारच्या कोळीणकाकू टोपलीत भरायच्या. दोघींचं एकमेकींवाचून अडायचं नाही.

खाजणावर भराव घातला तर पाण्याने जायचं कुठे? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. वर समुद्राला भरती. विमानतळापाशी काटकोनात वळवलेली, दोन्ही बाजूंनी दाबलेली मिठी फुगली आणि जुन्या वाटेने परत आली. माझ्या भावाच्या घरात कंबरेइतकं पाणी. त्याने भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे. दोनदा रंग काढला, पण रेघेपुरती जागा रंगाऱ्याला सोडायला लावतो. पाहुण्यांना चहाच्या आधी रेघ दाखवतो.

---

मिरचीभजी

नलूताई, कोळीणकाकूंच्या चिंबोऱ्यांवर स्वतंत्र धागा काढा. जाता जाता, 'कुरळ्या केसांचा मुलगा' इतकं सहज लिहून पुढे गेलात! आमच्याकडे त्यावर चार पानं झाली असती.

---

रिक्षा_मीटर

भाऊ, एवढा इतिहास कशाला? मुंबई कुठे सुरू होते ते आम्हाला विचारा. जिथे रिक्षा बंद, तिथे मुंबई सुरू. वांद्र्याच्या पुढे माहीमला रिक्षा जात नाही, पूर्वेला सायनला जात नाही. किती वर्षं झाली, पालिका एक, आमदार-खासदार काही असो, रिक्षा खाडीच्या अलीकडेच. पाशिंजर म्हणतो, "अहो, समोर दिसतंय माहीम!" आम्ही म्हणतो, दिसतंय ना, मग चालत जा.

---

खारदांडेकर

रिक्षाभाऊ, साष्टांग नमस्कार! तीनशे वर्षांची सरहद्द, आणि ती तुम्ही सांभाळताय. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

ट्रामचंही तेच. ट्राम दादर, किंग्ज सर्कलपर्यंत यायची, खाडी तिने कधी ओलांडली नाही. खाडीवर आधी तर होडीच होती आणि पावसाळ्यात ती उलटायची. सरकार पैसे काढेना. शेवटी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाईंनी दीड लाखाच्या वर रुपये दिले, १८४१ ला काम निघालं आणि त्याच दशकात माहीम कॉजवे झाला. त्यांची अट एकच, जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. तेव्हापासून २००९ ला सी लिंक होईपर्यंत मुंबईहून वांद्र्याला गाडीने जायला तोच रस्ता.

---

उंदीरमामा

सायन विसरलात काका. सायनचा कॉजवे माहीमच्या आधीचा, गव्हर्नर डंकनच्या काळातला. सायनवरून धारावीमार्गे वांद्रे गाठता येतंच की.

---

खारदांडेकर

मान्य. 'पश्चिमेच्या बाजूने तोच रस्ता' असं वाचावे. मामांनी आज एक गुण मिळवला.

---

बोंबील_सुका

म्हणजे हिशेब असा: पोर्तुगीज टोल घ्यायचे. आवाबाईंनी पदरचे पैसे घालून टोल बंद केला. मग आपण ५.६ किलोमीटरचा सी लिंक बांधला आणि टोल परत आणला. पोर्तुगीज वर बसून हसत असतील.

---

टेक्सासची_शांता

कोटी भारी, पण सी लिंकवरून पहिल्यांदा गेले तेव्हा अंगावर काटा आला होता. लहानपणी किल्ल्यावर बसून तो सगळा माहीमचा उपसागर मोकळा बघितलाय. तिकडे वरळी, इकडे आपण, मध्ये नुसतं पाणी आणि होड्या. किल्ल्याला पोर्तुगीज 'आग्वादा' म्हणायचे ना? गोड्या पाण्याचा झरा होता म्हणून?

---

रणवारकर

हो. जहाजांनी पाणी भरून घ्यायची जागा म्हणून आग्वादा. गोव्याच्या आग्वादाचं नावही त्याच कारणाने. हा १६४० चा.

पूल दिसायला सुंदर आहे, नाही म्हणत नाही. चिंबईच्या माझ्या मित्राला विचारा. त्याचं म्हणणं, खांब आले, भराव आला, तसा पाण्याचा ओढा बदलला, आणि वडील जिथे जाळं टाकायचे तिथे आता गाळ येतो. मी काही त्यातला तज्ज्ञ नाही. पण त्याची होडी आता वर्षातले जास्त दिवस वाळूवर असते, हे मी रोज बघतो. चिंबईत वलांड्यांवर (बांबूच्या मांडवांवर) बोंबील वाळतात अजून. शेजारच्या टॉवरमधले वासाची तक्रार करतात. टॉवरच्या जाहिरातीत मात्र 'कोळीवाड्याचं अस्सल वातावरण' असं छापलं होतं.

---

बोंबील_सुका

माझ्या नावाने तक्रार?! निषेध.

---

मिरचीभजी

रणवारकर, बाटली मसाला विसरलात. एक ईस्ट इंडियन येऊन गेला आणि बाटली मसाल्याचं नाव नाही, हे धाग्याला शोभत नाही.

---

रणवारकर

मुद्दाम टाळलं होतं. काढलं की लोक पाकृ (पाककृती) मागतात आणि आमच्यात ती कुणी देत नाही. मे महिन्याच्या उन्हात मिरच्या वाळवायच्या, वीस-पंचवीस जिन्नस एकेक करून भाजायचे, कांडणाऱ्या बायका दारात यायच्या. मुसळांच्या तालावर सगळी पाखाडी शिंकायची. मग मसाला बिअरच्या काळ्या बाटल्यांत काठीने ठासून भरायचा. उजेड लागला तर रंग जातो म्हणून काळी बाटली. प्रमाण? आईला विचारलं तर म्हणायची, "हाताला कळतं."

---

मिरचीभजी

म्हणजे पाकृ नाहीच. निषेधात मीही सामील.

---

पाणकोंबडा

बाप रे, दोन दिवस ऑफिसच्या गडबडीत होतो, इथे एवढं सगळं! सर्वांचे आभार. काल रविवारी रणवारकरांनी सांगितलं तसा चालत निघालो. क्रूसांवर १८९७, १८९८ अशी सालं मिळाली. एकावरचं साल रंगाच्या थरांखाली गेलंय, बोटाने चाचपून वाचावं लागलं. शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारलं, "बिल्डरची माणसं काय?" नाही म्हटल्यावर खुर्ची दिली.

मग घरी येऊन खारदांडेकरकाकांचं सगळं आँटींना वाचून दाखवलं. पोर्तुगीज, चिमाजी अप्पा, ठाणे जिल्हा, १९५०. त्या मटार सोलत होत्या. सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "एवढं कशाला? गाडी पुलावर गेली की खाडीचा वास येतो ना? तो वास संपला की मुंबई."

---

टेक्सासची_शांता

अगदी! लोकलमध्ये डोळे मिटून बसलेली सगळी बाई-माणसं त्या एका मिनिटात नाकाला पदर लावायची.

---

खारदांडेकर

माझी पूर्ण पोस्ट मागे घेतो.

---

बोंबील_सुका

आँटींना विचारा, परत येताना वास संपला की काय लागतं?

---

पाणकोंबडा

विचारून सांगतो. आत्ता नाहीत घरी. चष्म्याची दुसरी काडी मोडली, मुंबईला गेल्यात.